मरण ठरलेले, मजा बाकी: वॉर्नरच्या जुन्या गँगस्टरपटांचा ब्लू-रे संच

वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन स्टुडिओने २०१३ मध्ये ‘अल्टिमेट गँगस्टर्स कलेक्शन: क्लासिक्स’ या नावाने आपले चार जुने गँगस्टरपट ब्लू-रेवर एकत्र आणले. ‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनिमी’ हे दोन १९३१ चे, ‘द पेट्रिफाइड फॉरेस्ट’ १९३६ चा आणि ‘व्हाइट हीट’ १९४९ चा. चारही कृष्णधवल आहेत आणि चारही मिळून जेमतेम सहा तासांचे आहेत. त्यांच्या जोडीला या चित्रप्रकाराच्या इतिहासावरचा एक पूर्ण लांबीचा माहितीपट वेगळ्या डीव्हीडीवर आहे आणि छायाचित्रांचे एक छोटेखानी पुस्तकही आहे. संच जुना असला तरी त्याच्याविषयी लिहिण्याचे कारण जुने झालेले नाही. हे चित्रपट ज्या प्रेक्षकांसाठी काढले गेले ते आता राहिलेले नाहीत, अमेरिकेतल्या ज्या दारूबंदीच्या काळात त्यांतल्या पहिल्या दोघांच्या कथा घडतात तो काळ संपूनही नव्वद वर्षे उलटली, आणि तरीही हे चित्रपट लावले की माणूस मधूनच उठून जात नाही. असे का होते, याचे उत्तर हा संच क्रमाने पाहिल्यास बऱ्यापैकी सापडते.

सुरुवात करावी ती या चित्रपटांच्या कडांपासून. ‘लिटल सीझर’ उघडतो तो बायबलमधल्या वचनाने: जे तलवार उपसतात ते तलवारीनेच नष्ट होतात. ‘द पब्लिक एनिमी’ आधी एक निवेदन दाखवतो, की गुंडाचे उदात्तीकरण करण्याचा लेखकांचा हेतू नसून समाजाच्या एका थरातले वास्तव प्रामाणिकपणे मांडण्याचा आहे. आणि शेवटी पुन्हा एक पाटी येते, की हा एका माणसाचा नव्हे तर समाजाचा प्रश्न आहे आणि तो कधी ना कधी जनतेलाच सोडवावा लागेल. १९५४ मध्ये हे दोन्ही चित्रपट जोडीने पुन्हा प्रदर्शित झाले तेव्हा त्यांना आणखी एक प्रस्तावना चिकटवण्यात आली. ती ‘लिटल सीझर’च्या डिस्कवर पुरवणीत पाहता येते. म्हणजे आधी बजावायचे, शेवटी नायकाला ठार करायचे आणि पुन्हा बजावायचे. स्टुडिओने हे कुंपण सेन्सॉर मंडळांच्या आणि चर्चच्या धाकाने घातले, हे उघड आहे. पण त्याचा परिणाम उलटाच झाला, असे माझे मत आहे. शिक्षा आधीच ठरलेली असल्यामुळे प्रेक्षकाच्या मनावर न्यायनिवाड्याचा भार राहत नाही. मधली सत्तर मिनिटे तो निर्धास्तपणे त्या गुंडाच्या बाजूने बसू शकतो, त्याच्या उद्दामपणाची मजा घेऊ शकतो, कारण हिशेब चुकता होणार याची हमी त्याला दारातच मिळालेली असते. या चित्रप्रकाराचे आकर्षण टिकले ते या मधल्या सत्तर मिनिटांत काय भरले आहे यावर, आणि तिथे पटकथेपेक्षा नटाचे काम मोठे आहे.

‘लिटल सीझर’ दिग्दर्शक मर्व्हिन लरॉय यांचा. डब्ल्यू. आर. बर्नेट यांच्या १९२९ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. बोलपट येऊन तेव्हा तीन-चार वर्षेच झाली होती, आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांनी कॅमेऱ्याला जागीच बांधून ठेवल्याच्या खुणा इथे दिसतात: माणसे खोलीत येतात, ओळीत उभी राहतात, बोलतात. आजच्या प्रेक्षकाला पहिली दहा मिनिटे जड जातील, हे मान्य करायला हवे. पण त्या दहा मिनिटांतच एक प्रसंग आहे. रिको आणि त्याचा मित्र जो यांनी एक पेट्रोलपंप लुटला आहे. लूट दुरूनच दिसते. दिवा विझतो, गोळ्यांचे आवाज येतात, मोटार निघून जाते. पुढच्या दृश्यात रिको एका साध्या खानावळीत शिरतो आणि जेवण सांगण्याआधी शांतपणे भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे फिरवतो. आपण लुटीच्या वेळी इथेच बसलो होतो, असा पुरावा त्याने तयार केला. मग तो खायला बसतो आणि वर्तमानपत्रातली एका बड्या टोळीप्रमुखाची बातमी वाचत आपल्यालाही असे कोणीतरी व्हायचे आहे, असे जोला सांगतो. हा माणूस कसा आहे हे सांगायला पटकथेने एकही विशेषण खर्च केलेले नाही.

रिकोचे काम करणारा एडवर्ड जी. रॉबिन्सन मूळचा बुखारेस्टचा, बुटका, जाड ओठांचा, रूढ अर्थाने नायक न शोभणारा. गोळी झाडताना तो डोळे मिटून घेई म्हणून त्याच्या पापण्यांना चिकटपट्टी लावावी लागली, अशी गोष्ट सांगितली जाते. खरी असो वा नसो, पडद्यावर त्याचे डोळे मिटत नाहीत. रिको दारू पीत नाही, बायकांच्या मागे लागत नाही. त्याला हवा आहे फक्त दरारा. त्याच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत त्याला घड्याळ भेट मिळते, वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो, तेव्हा तो त्या अंकाच्या गठ्ठाभर प्रती विकत घेतो. मंदीच्या वर्षांत, जेव्हा सरळ मार्गाने वर चढण्याची शिडीच मोडली होती, तेव्हा थिएटरात बसलेल्या माणसाला ही भूक परकी वाटली नसणार. आणि ती आजही परकी वाटत नाही. पडतीच्या काळात रिको एका धर्मशाळेवजा निवाऱ्यात लपलेला असताना कोणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवते: पोलीस अधिकाऱ्याने त्याला भेकड म्हटले आहे. सुखरूप लपलेला रिको केवळ तेवढ्यासाठी उठतो, पोलिसांना फोन करतो आणि स्वतःचा पत्ता लावून देतो. त्याला मरण येते ते एका जाहिरातफलकामागे, आणि त्या फलकावर, आता नर्तक म्हणून नाव कमावून बसलेल्या त्याच्या जुन्या मित्राच्या, म्हणजे जोच्या, कार्यक्रमाची जाहिरात असते. प्रतीक जरा ठळकच आहे, पण त्या काळी ते खपून जात असे.

समीक्षक रॉबर्ट वॉर्शो यांनी १९४८ च्या एका निबंधात गँगस्टरला शोकनायक ठरवले. त्यांचा मुद्दा असा, की या माणसाला गर्दीतून वर यायचे असते, वर आला की तो एकटा पडतो, आणि एकटा पडला की मारला जातो. रिकोला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. ‘द पब्लिक एनिमी’च्या टॉम पॉवर्सला मात्र ते पुरत नाही, कारण टॉमला वर चढण्याची फारशी फिकीरच नाही. तो मजेत आहे.

या संचातला माझ्या मते सर्वांत जिवंत चित्रपट हाच. विल्यम वेलमन यांनी तो केला तेव्हा टॉमच्या भूमिकेसाठी एडवर्ड वुड्स या नटाची निवड झाली होती आणि जेम्स कॅग्नी त्याच्या मित्राचे दुय्यम काम करणार होता. सुरुवातीचे चित्रीकरण पाहिल्यावर वेलमन यांनी दोघांच्या भूमिकांची अदलाबदल केली. चित्रपट पाहताना हा निर्णय किती बरोबर होता हे सारखे जाणवते. कॅग्नी रंगभूमीवरचा नर्तक, आणि त्याचे शरीर एका जागी ठरत नाही: चालताना तो टाचांवर कमी आणि पंज्यांवर अधिक असतो, लाडात आला की समोरच्याच्या हनुवटीला मुठीने हलकेच टोकतो, आणि तीच मूठ पुढच्या क्षणी काय करील याचा भरवसा नसतो. न्याहारीच्या टेबलावर तो प्रेयसीच्या तोंडावर अर्धे कापलेले ग्रेपफ्रूट दाबतो, तो प्रसंग काही सेकंदांचाच आहे. त्यातला क्रूरपणा आज पाहताना अधिकच बोचतो आणि तो बोचावा हेच ठीक. या चित्रपटांत स्त्रियांना दिलेली वागणूक ही त्यांची सर्वांत शिळी झालेली बाजू आहे, आणि जीन हार्लोसारख्या अभिनेत्रीलाही इथे करण्यासारखे काही दिलेले नाही.

पण बारकाईने पाहावी अशी गोष्ट वेगळीच आहे. इतका हिंसक म्हणून बदनाम झालेल्या या चित्रपटात जवळजवळ एकही महत्त्वाचा खून पडद्यावर दिसत नाही. लहानपणी टॉमला चोऱ्या शिकवून ऐन वेळी दगा देणारा पटी नोज बऱ्याच वर्षांनी त्याच्या हाती लागतो. जीव वाचवण्यासाठी तो पियानोपाशी बसतो आणि या मुलांना पूर्वी ऐकवलेले एक चावट गाणे म्हणू लागतो. टॉम त्याच्या मागे उभा. कॅमेरा तिथून हळूच सरकतो आणि दाराशी थांबलेल्या मित्राच्या चेहऱ्यावर जातो. गाणे चालू आहे. मग गोळी, मग स्वरपट्ट्यांवर काहीतरी आदळल्याचा बेसूर आवाज. टॉम चौकटीत परत येतो आणि आता मैत्रिणीला फोन करावा, असे सहज बोलत निघून जातो. आपण पाहिला तो फक्त मित्राचा चेहरा, आणि त्या चेहऱ्याला जे कळले ते टॉमला कधीच कळणार नाही. पुढे मित्राच्या खुनाचा सूड घ्यायला टॉम एकटाच धो धो पावसात विरोधी टोळीच्या अड्ड्यात शिरतो, तेव्हाही कॅमेरा बाहेर रस्त्यावरच उभा राहतो. आत गोळीबार, किंकाळ्या. मग टॉम लडखडत बाहेर येतो, रिकामी पिस्तुले खिडकीवर फेकतो आणि आपण काही तितके कणखर नाही, अशा अर्थाचे पुटपुटत पाणी वाहणाऱ्या गटाराशी कोसळतो. 

हे सगळे ध्वनी आल्यामुळे शक्य झाले. मूकपटांच्या काळातही टोळ्यांचे चित्रपट होते, पण मशीनगनची थडथड, वळणावर करकरणारी चाके आणि रस्त्यावरची शिवराळ, तोडून बोलायची बोली हे या चित्रप्रकाराचे खरे भांडवल पडद्याला १९२७ नंतर मिळाले. न दाखवता ऐकवलेली हिंसा जुनी होत नाही. उलट रंगवलेल्या रक्ताचे तंत्र दर दहा वर्षांनी हास्यास्पद ठरते. जिथे गोळ्या दिसतात तिथे त्या खऱ्या आहेत, हेही सांगायला हवे: टॉम भिंतीच्या कोपऱ्याआड उडी घेतो आणि पाठोपाठ भिंतीचे टवके उडतात, ते एका नेमबाजाने मशीनगनमधून झाडलेल्या खऱ्या गोळ्यांनी. आज कोणी असे करू देणार नाही, आणि करू देऊही नये. शेवट सांगत नाही. एवढेच सांगतो, की ग्रामोफोनवर एक गोड गाणे वाजत असते, आई वरच्या मजल्यावर मुलासाठी बिछाना घालत असते, आणि दारावर थाप पडते.

१९३४ च्या जुलैपासून हॉलिवूडमध्ये, पडद्यावर काय दाखवू नये हे ठरवणाऱ्या नीतिसंहितेची अंमलबजावणी जोसेफ ब्रीन यांच्या हाती गेली आणि असे चित्रपट काढणे अवघड झाले. दारूबंदी आदल्या वर्षाच्या डिसेंबरात उठली होती, शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन करचुकवेगिरीच्या शिक्षेखाली तुरुंगात होता, आणि त्याच जुलै महिन्यात जॉन डिलिंजर हा बँकलुटारू शिकागोत एक गँगस्टरपट पाहून थिएटरबाहेर पडत असताना गोळ्यांना बळी पडला. ‘द पेट्रिफाइड फॉरेस्ट’मधला ड्यूक मँटी हा डिलिंजरवरूनच घेतलेला. रॉबर्ट शेरवूड यांचे हे मूळचे नाटक, आणि चित्रपट नाटकाच्या चौकटीतून बाहेर येत नाही: ॲरिझोनाच्या वाळवंटातले एक उपाहारगृह, त्यात अडकलेली माणसे आणि भरपूर बोलणे. लेस्ली हॉवर्डने साकारलेला थकलेला लेखक मँटीला विनवतो, की मला मार, म्हणजे माझ्या विम्याचे ५,००० डॉलर या मुलीला मिळतील. कल्पना चमकदार आहे, पण तिच्याभोवतीचे तत्त्वचिंतन आता पेलवत नाही.

हा चित्रपट पाहायचा तो हम्फ्री बोगार्टसाठी. स्टुडिओला मँटीच्या भूमिकेत रॉबिन्सन हवा होता. रंगभूमीवर बोगार्टसोबत हे नाटक केलेल्या हॉवर्डने बोगार्ट नसेल तर मीही नाही, असे ठणकावले आणि भूमिका बोगार्टला मिळाली. बोगार्टने पुढे आपल्या मुलीचे नाव लेस्ली ठेवले. खुरटी दाढी, पोक काढलेले खांदे, आणि बेड्या घातल्या असाव्यात तसे शरीरापुढे अर्धवट दुमडलेले हात घेऊन तो बसून राहतो. कॅग्नीची सारी जादू हालचालीत, याची हालचाल न करण्यात. मात्र याला गँगस्टरपट म्हणायचे का, याविषयी मला शंका आहे, आणि संचातल्या चार जागांपैकी एक त्याला द्यायला नको होती असे मला वाटते.

‘व्हाइट हीट’पर्यंत आपण येतो तेव्हा ‘द पब्लिक एनिमी’ला अठरा वर्षे लोटलेली आहेत. कॅग्नी पन्नाशीला पोचला आहे, अंगाने भरला आहे, आणि त्याचा कोडी जॅरेट आता ना दारूबंदीचे अपत्य आहे ना मंदीचे. १९३१ मध्ये गुंड कसा घडतो याचे उत्तर रस्त्यावर, बेकारीत, वस्तीत शोधले जाई. महायुद्धानंतर ते डोक्याच्या आत शोधले जाऊ लागले. कोडीला कपाळ फोडणारी डोकेदुखी आहे आणि त्याचा जीव आईत अडकलेला आहे. दिग्दर्शक राउल वॉल्श यांनी ही आई मार्गारेट विचर्लीकडून अशी वठवून घेतली आहे, की टोळीतले सगळे पुरुष तिच्यापुढे पोरसवदा वाटावेत. एका प्रसंगात झटका ओसरल्यावर कोडी चक्क तिच्या मांडीवर बसतो. पन्नाशीचा, निर्ढावलेला खुनी आईच्या मांडीवर, आणि प्रेक्षकाला हसू येत नाही. हे साधणारा दुसरा नट मला आठवत नाही.

पोलिसांची बाजूही इथे प्रथमच रंजक झाली आहे. कोडीला आवडतात म्हणून आई स्ट्रॉबेरी आणायला बाजारात जाते आणि तिथून तीन मोटारी तिचा पाठलाग सुरू करतात. एक मागे, दुसरी समांतर रस्त्याने, तिसरी पुढे. कोणतीही एक गाडी फार वेळ तिच्या आरशात राहू नये म्हणून रेडिओवर बोलून जागा बदलत राहतात. नंतर कोडीच्या ट्रकला लपवून जोडलेल्या यंत्राच्या लहरी पकडून नकाशावर रेघा आखल्या जातात. ही यंत्रणा जसजशी निर्विकार आणि अचूक होत जाते, तसतसा पडद्यावर रक्तामांसाचा माणूस एकट्या कोडीच्याच रूपाने उरतो. तो मात्र पाशवी आहे. मोटारीच्या डिकीत कोंडलेला माणूस आत गुदमरते म्हणून ओरडतो, तेव्हा कोडी कोंबडीची तंगडी चघळत, थोडी हवा देतो, असे म्हणून डिकीत गोळ्या झाडतो, आणि चघळणे थांबत नाही.

तुरुंगाच्या भोजनगृहातला प्रसंग हा या संचाचा कळस म्हणावा लागेल. कोडी टेबलाच्या एका टोकाला, नवा कैदी दूर दुसऱ्या टोकाला. आई कशी आहे हे विचार, असे कोडी शेजाऱ्याच्या कानात सांगतो. प्रश्न एका कानातून दुसऱ्या कानात असा रांगेने जातो आणि कॅमेरा त्याच्यासोबत सरकतो. उत्तर त्याच रांगेने, त्याच संथ गतीने परत येते. ती गेल्याचे प्रत्येक कैद्याला कोडीच्या आधी कळते, आणि आपण ते चेहरे एकेक करून जवळ येताना पाहत असतो. मग कॅग्नीच्या तोंडून जो आवाज निघतो त्याला रडणे म्हणता येत नाही. तो टेबलावर चढतो, भांडी उधळत सरपटतो, शिपायांना ठोसे मारत सुटतो. आजूबाजूच्या जमावाच्या चेहऱ्यांवरची भीती अगदी खरी वाटते. एका खुन्याच्या शोकाने घसा दाटून येतो, आणि त्याला कोणत्याही निवेदनाने बजावून आवरता येत नाही.

आता डिस्कविषयी. चित्र सर्वत्र मूळच्या चौरसाकार प्रमाणात आहे, बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. ते चित्र ताणून भरण्याचा मोह टाळावा. ‘लिटल सीझर’ सर्वांत मऊ आणि कणीदार दिसतो, ‘व्हाइट हीट’ सर्वांत स्वच्छ. वयाचा हा फरक पुसून टाकण्याचा प्रयत्न केलेला नाही, हे चांगले झाले. ध्वनी मोनो आहे आणि १९३१ च्या दोन्ही चित्रपटांत थोडी खरखर राहिली आहे. इंग्रजी सबटायटल्स लावूनच पाहावे, कारण टोळीची बोली आणि कॅग्नीचा वेग यांत अर्धे संवाद निसटतात. 

पुरवणी साहित्यात सर्वांत मोलाची आहे ती जुन्या थिएटरातल्या खेळाची मांडणी. समीक्षक लिओनार्ड मॉल्टिन यांच्या प्रास्ताविकानंतर त्या वर्षीची बातमीचित्रे, एखादा लघुपट, कार्टून, आगामी चित्रपटाची झलक आणि मग मुख्य चित्रपट, असा सगळा खेळ सलग लावता येतो. हसऱ्या कार्टूननंतर टॉम पॉवर्स पडद्यावर आला की त्या प्रेक्षकाला कसा धक्का बसला असेल याचा अंदाज येतो. प्रत्येक चित्रपटावर अभ्यासकाची कॉमेंटरी आहे. त्यांतली रॉबर्ट स्क्लार यांची ‘द पब्लिक एनिमी’वरची आणि बोगार्टचे चरित्रकार एरिक लॅक्स यांची ‘द पेट्रिफाइड फॉरेस्ट’वरची अवश्य ऐकावी. दुसरा चित्रपट मला तरी कॉमेंटरीसहच अधिक आवडला.

उणीव आहे ती निवडीची. याच स्टुडिओचे १९३८ आणि १९३९ चे कॅग्नी आणि बोगार्ट यांनी एकत्र काम केलेले दोन गँगस्टरपट इथे नाहीत, आणि त्यामुळे १९३१ चा बेफिकीर टॉम आणि १९४९ चा भ्रमिष्ट कोडी यांच्या मधला दुवाच निसटतो. संहितेच्या दडपणाखाली गुंडाला पश्चात्ताप करायला लावून त्याचे आकर्षण कसे शाबूत ठेवले गेले, हे पाहायचे तर ते दोन चित्रपट वेगळे मिळवावे लागतील. माहितीपटात त्या काळाची हकीकत येते, पण हकीकत ऐकणे आणि चित्रपट पाहणे यांत फरक आहेच. शिवाय तो माहितीपट ब्लू-रेऐवजी डीव्हीडीवर देऊन केलेली काटकसर अशा संचाला शोभत नाही. ज्यांनी या प्रकारातले काहीच पाहिलेले नाही त्यांनी कालक्रम बाजूला ठेवून ‘व्हाइट हीट’ने सुरुवात करावी, मग ‘द पब्लिक एनिमी’कडे यावे, आणि ‘लिटल सीझर’ त्यानंतर घ्यावा, म्हणजे त्याच्या आखडलेल्या कॅमेऱ्याची सवय व्हायला वेळ लागणार नाही.